साइटवर पडून जखमी, ठेकेदार स्टॅम्पवर सही मागतोय: पुढे काय करावं?

स्टोअरकीपर_वाघोली

मेहुण्यासाठी विचारतोय. वय ३५, सेंट्रिंग कारागीर (स्लॅबचा साचा बांधणारा-खोलणारा), मूळ गाव लातूर जिल्ह्यात. पुण्याच्या वाघोलीतल्या एका निवासी इमारतीच्या साइटवर २९ ऑक्टोबर २०२५ रोजी दुसऱ्या स्लॅबचं सेंट्रिंग खोलताना परांचीची फळी सरकली आणि तो साधारण वीस फुटांवरून खाली आला. उजव्या टाचेचं हाड फुटलं, प्लेट टाकली. उजवं मनगटही मोडलं.

रोज ८०० रुपये, महिन्याला २६ हजेऱ्या धरा. पैसे कधी रोख, कधी मुकादमाच्या फोनपेवरून. पगाराची स्लिप कधीच मिळाली नाही. ऑपरेशनचे १,४०,००० ठेकेदाराने भरले, नंतर हात वर केले. आता म्हणतो ६०,००० घ्या आणि पाचशेच्या स्टॅम्पवर 'सर्व हिशेब मिटला, यापुढे काहीही मागणी नाही' असं लिहून द्या. बिल्डरच्या ऑफिसात गेलो तर उत्तर एकच, तो आमचा माणूस नाही, लेबर ठेकेदाराचा.

आणखी एक घोळ आहे. दवाखान्यात नेताना सोबत मुकादम होता. केसपेपरवर 'घरी जिन्यावरून पडला' असं लिहिलंय, त्यामुळे पोलिसांत काही नोंद नाही. हेल्मेट होतं, बेल्ट नव्हता. साइटवर बेल्ट कुणालाच दिलेले नव्हते.

आधी कुठे जायचं? रक्कम किती बसते? बिल्डर खरंच सुटतो का?

---

कामगारकायदा_शिवाजीनगर

सही करू नका. हे पहिलं.

तरी समजा दबावाखाली केलीच, तर तेवढ्याने हक्क जात नाही. अपघात २१ नोव्हेंबर २०२५ च्या (नवी संहिता लागू झाली त्या दिवसाच्या) आधीचा आहे, म्हणून तुम्हाला कर्मचारी भरपाई कायदा १९२३ लागू. त्याच्या कलम १७ प्रमाणे भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल. तडजोड करायचीच असेल तर तिचं ज्ञापन (लेखी नोंद) या कायद्याखालच्या आयुक्तांकडे नोंदवावं लागतं (कलम २८). नोंदवलं नाही तर कलम २९ मालकाच्या अंगावर येतं: पूर्ण भरपाई द्यायची ती द्यायचीच, आणि बाहेरच्या बाहेर दिलेल्या पैशातली जास्तीत जास्त निम्मी रक्कम वजा मिळते, आयुक्तांनी वेगळं सांगितलं तरच अधिक. शिवाय औषधोपचारावर खर्च केलेले १,४०,००० भरपाईत धरता येत नाहीत. ठेकेदार 'मी दोन लाख दिले' म्हणेल, तेव्हा हे लक्षात ठेवा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो, तो कलम ४(२अ) खाली. पुढची औषधं, एक्स-रे, फिजिओथेरपी यांची बिलंही त्यात मागता येतात, म्हणून एकही चिठ्ठी टाकू नका.

रक्कम. ८०० गुणिले २६ म्हणजे २०,८००, पण भरपाईच्या हिशेबाला ३ जानेवारी २०२० पासून महिना १५,००० हीच कमाल मजुरी धरतात. कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मजुरीच्या ६०% गुणिले वयाचा गुणक. ३५ वयाला गुणक १९७.०६. म्हणजे ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये. ही १००% ची रक्कम. कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर कमाईची क्षमता जितके टक्के गेली तितके टक्के याचे. २०% धरलं तर ३,५४,७०८. ४०% धरलं तर ७,०९,४१६. आता ६०,००० याच्याशेजारी ठेवून बघा.

घरी बसून आहे तोवरची तात्पुरती भरपाई वेगळी: दर पंधरवड्याला मजुरीच्या २५%, म्हणजे ३,७५०. महिन्याला साडेसात हजार. बांधकामावरचे लोक ही मागतच नाहीत, सगळं लक्ष एकरकमी आकड्यावर.

भरपाई देणं लागू झाल्यापासून एका महिन्यात दिली नाही तर १२% व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसेल तर ५०% पर्यंत दंड. मालकाची विमा पॉलिसी असेल तर भरपाई आणि व्याज कंपनी भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून. म्हणून नोटिशीत पॉलिसी क्रमांक मागायचा. पॉलिसी असली की ठेकेदाराची भाषा बदलते.

बिल्डर. कलम १२ वाचून दाखवा त्यांना. इमारती बांधणं हाच ज्याचा धंदा, त्याने ते काम ठेकेदारामार्फत करून घेतलं आणि अपघात त्याच्या ताब्यातल्या जागेवर झाला, तर कामगार थेट मुख्य मालकाकडून भरपाई मागू शकतो. बिल्डरने ती नंतर ठेकेदाराकडून वसूल करावी, तो त्यांचा आपसातला प्रश्न. (एखाद्या शिक्षकाने स्वतःचा बंगला बांधायला घेतला तर त्याला हे कलम सहसा लागत नाही, कारण बांधकाम हा त्याचा धंदा नाही. तिथे ठेकेदारालाच धरावं लागतं.) अर्जात दोघांनाही प्रतिवादी करा. ठेकेदार गाशा गुंडाळून दुसऱ्या जिल्ह्यात जातो, बिल्डरचा प्रकल्प जागेवरच राहतो.

बिल्डरचं नेमकं नाव बोर्डावरच्या ब्रँडवरून घेऊ नका. साइटच्या फलकावरचा महारेराचा (राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांक टिपा आणि महारेराच्या संकेतस्थळावर टाका, प्रवर्तक कंपनीचं पूर्ण नाव आणि पत्ता मिळतो. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी भागीदारी संस्था काढलेली असते. चुकीच्या संस्थेवर अर्ज गेला तर वर्ष तिथेच जातं.

बेल्टचं: मालक म्हणेल कामगाराने सुरक्षेचे नियम पाळले नाहीत. कायद्यात बचाव आहे तो जाणूनबुजून केलेल्या अवज्ञेचा, आणि ते मालकाने सिद्ध करायचं. बेल्ट दिलाच नाही तर अवज्ञा कसली. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर हा बचाव घेताच येत नाही. नुसता निष्काळजीपणा, पाय घसरला, लक्ष नव्हतं, याने भरपाई अडत नाही.

मुदत दोन वर्षं. अर्ज पुण्याच्या कामगार न्यायालयात, तिथले न्यायाधीशच या कायद्याखालचे आयुक्त असतात. गावी परत गेला असेल तर राहत्या ठिकाणी, म्हणजे लातूरलाही करता येतो.

---

चलान_क्रमांक_०

वरचं सगळं बरोबर, पण एक पायरी सुटली आणि तीच प्रकरण बुडवते. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा.

महिना मजुरी २०,८००. ईएसआयची मर्यादा २१,०००. म्हणजे हा माणूस मर्यादेच्या आत आहे. बांधकामाच्या साइटवरच्या कामगारांना १ ऑगस्ट २०१५ पासून ईएसआय लागू आहे. आणि ईएसआय कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे विमाधारकाला त्याच दुखापतीसाठी १९२३ च्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. खरी मेख पुढे आहे: विमाधारक म्हणजे ज्याची वर्गणी भरली तोच नव्हे, ज्याची भरायला हवी होती तोसुद्धा. ठेकेदाराने एक रुपया भरलेला नसला तरी त्याचा वकील दीड वर्षाने उलटतपासणीत हा मुद्दा काढतो.

आधी हे तपासा. ठेकेदाराची किंवा बिल्डरची आस्थापना ईएसआयला नोंदलेली आहे का (दहा किंवा जास्त माणसं), आणि मेहुण्याला दहा आकडी विमा क्रमांक मिळालाय का. ठेकेदाराला लेखी विचारा. त्याच वेळी ईएसआयसीच्या (ही योजना चालवणाऱ्या महामंडळाच्या) बिबवेवाडी कार्यालयात अपघाताची माहिती देणारा अर्ज द्या, सोबत हजेरीचे आणि पेमेंटचे पुरावे, आणि आपल्या प्रतीवर शिक्का घ्या.

नोंद निघाली तर ते वाईट नाही. कामावरच्या दुखापतीला किमान वर्गणीची अट नाही, पहिल्या दिवशी पडला तरी हक्क आहे. बरा होईपर्यंत सरासरी रोजाच्या ९०% रोख, उपचार मोफत (बिबवेवाडी आणि चिंचवड, दोन्हीकडे ईएसआयचं रुग्णालय आहे), आणि वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्क्यांप्रमाणे पुढे आयुष्यभर दरमहा रक्कम. मालकाने वर्गणी बुडवली असेल तर ती ईएसआयसीने मालकाकडून वसूल करायची, कामगाराला अडवायचं नाही.

एक चाल ओळखून ठेवा. अपघातानंतर घाईघाईने ऑनलाइन नोंद करतात आणि कामावर लागल्याची तारीख नंतरची टाकतात. मग कागदावर अपघाताच्या दिवशी माणूस नोकरीतच नाही. म्हणून २९ ऑक्टोबरच्या आधीच्या हजेरीचा पुरावा सगळ्यात मोलाचा.

ईएसआयसीने 'आस्थापना लागू नाही' असं लेखी दिलं तर तो कागद भरपाईच्या अर्जाला जोडा. उत्तर येत नसेल तर वाट बघत दोन वर्षं घालवू नका, मुदतीत अर्ज टाकाच.

---

रेकॉर्डरूम

केसपेपरबद्दल. हे दुरुस्त होतं, पण खाडाखोड करून नाही, आणि डॉक्टरांशी भांडूनही नाही.

आधी कागद मिळवा. पेशंटने लेखी अर्ज केला की ७२ तासांत वैद्यकीय नोंदी द्यायच्या असा डॉक्टरांना लागू असलेला नियम आहे. मागायचं काय ते नावानिशी लिहा: कॅज्युअल्टीचा पहिला कागद, भरतीचा कागद, ऑपरेशन नोट, भूल देण्याचा चार्ट, नर्सिंग नोट्स, एक्स-रे आणि सीटी स्कॅन, डिस्चार्ज कार्ड, बिलं. नुसतं 'फाईल द्या' म्हटलं की डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स हातात येते. आणि सगळी पानं वाचा. पहिल्या कागदावर मुकादमाने सांगितलेलं असतं, पण भूलतज्ज्ञ किंवा नर्स पेशंटलाच विचारतात. कित्येकदा आतल्या पानावर 'उंचीवरून पडला, कामाच्या ठिकाणी' असं स्वच्छ लिहिलेलं सापडतं.

मग दुसरा अर्ज: माहिती पेशंटने दिलेली नाही, सोबतच्या अमुक व्यक्तीने दिली, पेशंट त्या वेळी वेदनेत होता, खरी हकीकत ही. पुरवणी नोंद घ्यावी आणि पोलिसांना कळवावं अशी विनंती. पोच घ्या. मूळ ओळ तशीच राहते, खाली तारखेसह नवी नोंद येते. दुखापतही तुमच्या बाजूने बोलते. टाचेचं हाड असं चेपून फुटणं हे बहुतेक उंचावरून पायावर पडल्याचं लक्षण असतं, घरच्या जिन्याच्या दोन पायऱ्यांनी सहसा होत नाही. ऑर्थोपेडिक सर्जनची साक्ष झाली की हा प्रश्न वकिलाने विचारायचा.

टक्क्यांच्या दाखल्याची घाई करू नका. हाड जुळून चालणं स्थिर झाल्याशिवाय आकडा टिकत नाही, टाचेला सहा महिने तरी जातात. आणि शारीरिक अपंगत्वाचे टक्के वेगळे, कमाईची क्षमता गेल्याचे टक्के वेगळे. ससून सरकारी रुग्णालयातून मिळणारा दिव्यांगत्वाचा दाखला पहिल्या प्रकारचा. भरपाईला दुसरा लागतो, कारण टाच कायद्याच्या परिशिष्टात नाही (अंगठा पूर्ण गेला तर ३०% असे तयार आकडे आहेत, तसे टाचेला नाहीत). दाखल्यात डॉक्टरांनी हे यायला हवं: घोट्याखाली पाऊल आत-बाहेर वळतं का, ओबडधोबड जमिनीवर चालता येतं का, उकिडवं बसता येतं का, शिडी चढता येते का, उजव्या मुठीत हातोडा किती वेळ धरता येतो. सेंट्रिंगवाल्याची रोजीरोटी याच पाच गोष्टींवर.

---

कामगारकायदा_शिवाजीनगर

यालाच जोडून. प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता (१९७६) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना सांगा. सुताराचा डावा हात कोपराच्या वर तोडावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून कमाईचं नुकसान १००% धरलं. टक्के माणसाच्या कामावर बघून ठरतात, नुसत्या अवयवावर नाही. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, आयुक्तांच्या निकालाच्या दिवशी नाही, हेही त्याच निकालात आहे. व्याज मोजताना उपयोगी पडतं.

ईएसआयचा मुद्दा चलानवाल्यांनी योग्य काढला. क्रम तोच ठेवा.

पोलिसांचं: भरपाईला एफआयआरची अट नाही, पण पंचनामा झाला तर 'साइटवर अपघात झालाच नाही' हे बोलणं संपतं. फ्रॅक्चर ही जबर दुखापत, म्हणून भारतीय न्याय संहिता कलम १२५(ब), आणि बांधकामात निष्काळजीपणाचं कलम २९०. हद्दीतल्या ठाण्याने घेतलं नाही तर पोलीस उपायुक्तांकडे लेखी, तिथेही नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. उशीर का झाला ते तक्रारीत एका वाक्यात लिहा: रुग्णालयात भरती होतो आणि चुकीची माहिती दुसऱ्याने दिली.

फी टक्केवारीत ठरवणाऱ्या वकिलापासून लांब राहा, ते बार कौन्सिलच्या नियमात बसत नाही. शिवाजीनगर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे मोफत वकील मागता येतो. हेल्पलाइन १५१००.

---

बिगारी_नाका_कात्रज

मंडळाचं कार्ड आहे का? महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ. कार्ड अपघाताच्या दिवशी चालू असायला हवं, आता नूतनीकरण करून मागचा अपघात बसवता येत नाही. आणि आशा माफक ठेवा. कामावर असताना मृत्यू झाला तर वारसाला ५ लाख, ७५% किंवा जास्त कायमचं अपंगत्व असेल तर २ लाख. टाचेला ७५% कोणी देत नाही. 'मी काढून देतो' म्हणणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका.

त्यापेक्षा पासबुक बघा. मे-जूनमध्ये २० रुपये कापलेले दिसले तर ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक हात किंवा एक पाय पूर्ण निकामी झाला तर १ लाख. या केसमध्ये बहुधा बसणार नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी बसेल. मंडळाचे किंवा या विम्याचे पैसे मिळाले म्हणून मालकाची भरपाई कमी होत नाही.

---

ट्रान्झिटमिक्सर

एक फाटा, या केसला नाही पण साइटवर नेहमी लागतो. मिक्सर, डंपर किंवा जेसीबीची धडक बसून जखमी झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही जाता येतं. तिथे १५,००० ची मर्यादा नाही, पण चालकाची चूक दाखवावी लागते आणि कायद्यातली मुदत सहा महिन्यांची आहे. दोन्हीकडे नाही, एकच निवडायचं. तरुण आणि जास्त कमावणारा ऑपरेटर असेल तर आकडेमोड करूनच ठरवा.

---

स्टोअरकीपर_वाघोली

सगळ्यांचे आभार. ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर लिहिलं, 'ईएसआय वगैरे काही नाही आमच्याकडे'. स्क्रीनशॉट घेतला. बिबवेवाडीला अर्ज दिला, शिक्का मिळाला. मंडळाचं कार्ड २०२३ मध्येच संपलंय.

पुरावा म्हणून हे आहे: फोनपेच्या ११ नोंदी, लेबर कॅम्पमधल्या खोलीचे फोटो, स्लॅब भरतानाचा व्हिडिओ, सोबतचे दोन सेंट्रिंगवाले. ते दोघे अजून त्याच ठेकेदाराकडे आहेत, साक्षीला कचरतात. नोटीस कशी लिहायची? आणि नवीन कामगार संहितांचं काय?

---

चलान_क्रमांक_०

स्क्रीनशॉटवर भागत नाही. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा आणि फोन बदलू नका, मूळ फोन दाखवावा लागू शकतो. फोनपेऐवजी बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट काढा, त्यात देणाऱ्याचं नाव येतं. दर आठवड्याला त्याच नावाने येणारी उचल ही हजेरीवहीइतकीच बोलकी. आणि गेटवरच्या सिक्युरिटीची आवकजावक वही विसरू नका. तिची मागणी नोटिशीतच करा, म्हणजे नंतर 'गहाळ झाली' म्हणणं जड जातं.

त्या दोघांना आत्ता प्रतिज्ञापत्रासाठी ओढू नका. त्यांचं काम जाईल. नावं अर्जातल्या साक्षीदारांच्या यादीत ठेवा, वेळ आली की न्यायालयाकडून समन्स काढता येतं. समन्सवर आलेला माणूस ठेकेदाराला 'मला यावंच लागलं' असं सांगू शकतो.

---

कामगारकायदा_शिवाजीनगर

संहिता: २१ नोव्हेंबर २०२५ किंवा नंतरच्या अपघातांना सामाजिक सुरक्षा संहिता २०२०, प्रकरण ७. मृत्यूला ५०%, पूर्ण अपंगत्वाला ६०% आणि वयाचा गुणक हा सांगाडा तिथेही आहे. घर ते कामाच्या जागेदरम्यानच्या प्रवासातला अपघातही कामाशी संबंध दाखवता आला तर धरतात, हा नवीन भाग. तुमचं प्रकरण जुन्या कायद्यातच चालवायचं, अर्जात अपघाताची तारीख पहिल्या परिच्छेदात टाका.

नोटीस ठेकेदार आणि बिल्डर कंपनी, दोघांच्या नावाने, मेहुण्याच्या सहीने, स्पीड पोस्टाने पोचपावतीसह. वकिलाची गरज नाही. मजकूर एवढा पुरे:

'मी आपल्या वाघोली येथील (प्रकल्पाचं नाव, महारेरा क्रमांक) साइटवर सेंट्रिंग कारागीर म्हणून रोज ८०० रुपये मजुरीवर काम करत होतो. दिनांक २९ ऑक्टोबर २०२५ रोजी (वेळ) दुसऱ्या स्लॅबचे सेंट्रिंग खोलताना परांचीची फळी सरकून सुमारे २० फुटांवरून पडलो. उजव्या टाचेस व मनगटास फ्रॅक्चर झाले. मला सुरक्षा बेल्ट देण्यात आला नव्हता. कर्मचारी भरपाई कायदा १९२३ च्या कलम १० अन्वये ही अपघाताची सूचना असून, अपघाताच्या तारखेपासूनची पाक्षिक भरपाई, वैद्यकीय खर्च आणि कायम अपंगत्वाची भरपाई व्याजासह द्यावी. विमा पॉलिसीचा क्रमांक व कंपनीचे नाव १५ दिवसांत कळवावे. दिनांक १ ऑक्टोबर ते २९ ऑक्टोबर २०२५ ची हजेरीवही, मजुरीपत्रक व गेटची नोंदवही जपून ठेवावी.'

रकमेचा आकडा नोटिशीत घालू नका, टक्के अजून ठरायचेत. ठेकेदाराने पाकीट घेतलं नाही तर न फोडता तसंच ठेवा, टपालाच्या शेऱ्यासकट ते अर्जाला जोडायचंय.